बेन गर्दानहून आणलेली बॅटरी

मिदून, जेर्बा
३ मे २०००

प्रिय सासी,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू दचकशील. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण मी तुला पत्र असं एकदाच लिहिलं, वस्सिला झाली तेव्हा. तेही चार ओळींचं. मग घरात फोन आला, फोनमागून तू कॅमेरा आणलास, आणि लिहायचं राहूनच गेलं. आज वस्सिला शाळेत गेली आहे. घरात कोणी नाही. हे तीन शब्द लिहायची मला अजून सवय झालेली नाही. सकाळी चहा उकळला की माझा हात आपसूक दोन पेल्यांकडे जातो, आणि मग एक पेला परत फळीवर ठेवताना उगाचच कोणी बघतंय का म्हणून मी मागे वळून पाहते. बघायला कोण असणार! कोंबड्या. तुझी आई, आपली उम्मी, जाऊन तीन महिने होतील परवा, पण त्या अजून तिच्याच हाकेची वाट बघतात. मी दाणे टाकले तर उपकार केल्यासारख्या येतात.

तुला आठवतं का, सत्त्याण्णवच्या ऑगस्टमध्ये तू तो कॅमेरा घेऊन आलास तेव्हा अंगणात केवढी गर्दी झाली होती! सगळ्या बायका डोक्यावरून पदर ओढत होत्या आणि बोटांच्या फटींतून बघतही होत्या. उम्मीने तर तो हातात घेऊन कानाला लावला होता. "अग बाई, हा बोलत का नाही?" म्हणाली. तू हसून हसून खाली बसलास. दोन संध्याकाळी तू मला सगळं शिकवलंस : कॅसेट कशी घालायची, तांबडा दिवा म्हणजे काय, कोणतं बटण दाबलं की कॅसेट निम्म्या वेगाने फिरते आणि दुप्पट वेळ पुरते. जाताना टॅक्सीत बसल्यावर काच खाली करून म्हणालास, "दर दोन-तीन महिन्यांनी मला घर दाखवत जा, अल्जिया. म्हणजे मी इथेच आहे असं मला वाटेल." ते वाक्य मी फार दिवस जपलं. इथला तुझा तो शेवटचा उन्हाळा. अठ्ठ्याण्णवला पॅरिसचं दुकान सोडता येईना, नव्व्याण्णवला भागीदार आजारी.

मी मात्र दाखवत गेले. डाळिंबाला फूल आलं ते दाखवलं, चुना दिलेल्या भिंती दाखवल्या, वस्सिलाचा पडलेला दात तिच्या तळहातावर ठेवून दाखवला, तिला कविता म्हणायला लावली. मजा अशी की त्या सगळ्या कॅसेटींत मी कुठेच नाही. कॅमेरा धरणारी मीच, म्हणून नुसता माझा आवाज आहे : "इकडे बघ," "हळू बोल," "बाबांना सलाम कर." तुमच्या पॅरिसला जाणाऱ्या माणसांच्या सामानात तेलाचे डबे, सुकी मासळी, मिरच्यांचा हरिसा, काय काय असतं, म्हणून प्रत्येक कॅसेटला मी जुन्या लोकरी बुरणुसाच्या कापडाची पिशवी शिवत असे, तांबड्या लोकरीने, चारी बाजूंनी बंद. एकाही कॅसेटला तेलाचा डाग लागू दिला नाही. अशा नऊ पिशव्या गेल्या. शुक्रवारी तुझा फोन आला की मी विचारायची, "मिळाली? पाहिलीस?" आणि तू म्हणायचास, "पाहिली ना. छान आलीय."

अडचण सगळी बॅटरीची होती. कॅमेऱ्याबरोबर आलेली बॅटरी पहिल्या वर्षी चाळीस मिनिटं चालायची, मग वीस, मग बारावर आली. वस्सिलाला बारा मिनिटं खूप होत. ती भराभरा बोलून मोकळी. पण उम्मीचं बोलणं तुला ठाऊक आहे. ती आधी एकेका झाडाची खुशाली सांगणार, मग विहिरीच्या पाण्याची चव, मग कोणाकडे कोण वारलं ते; आणि खऱ्या गोष्टीपाशी येऊन जरा श्वास घ्यायला थांबली, की तांबडा दिवा लुकलुकायला लागायचा. मी म्हणायची, "उम्मी, संपली." ती तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघायची. एकदा चिडून म्हणाली, "हे तुझं यंत्र माझ्याहून म्हातारं झालंय. माझा निदान दम तरी पुरतो."

ऑक्टोबरात एक दिवस ती विहिरीपाशी बसून गाढवीला खरारा करत होती. ती नवी गाढवी आदल्या वर्षी घेतली, पण उम्मी तिला नाव ठेवू देत नव्हती. वस्सिलाने दहा नावं सुचवली, म्हातारी प्रत्येक नावाला नाही म्हणाली. तर त्या दिवशी खरारा थांबवून मला म्हणाली, "अल्जिया, मला एकदा सलग बोलायचंय. मध्ये कोणी 'संपली' म्हणता कामा नये. दोन तास, अडीच तास. जमव." मी म्हटलं, घरात बसा, वायर लावते, मग हवं तितकं बोला. तर म्हणाली, "घरात मी कधी खरं बोलले आहे का? घरात सगळा दिवस शेजारणी. मी इथे झाडाखाली बोलणार." शेजारच्या मन्नानाने सुचवलं की तीन वायरी एकमेकींना जोडून विहिरीपर्यंत आणू. उम्मी म्हणाली, "म्हणजे मला शेळीसारखं दाव्याला बांधणार? नको." मग राहिला एकच मार्ग, जास्त चालणारी दुसरी बॅटरी. हूम्त सूकमधल्या दोन्ही दुकानांत विचारलं. एकाने सांगितलं, हे मॉडेल आता बंद झालं. दुसऱ्याने नवीन कॅमेराच पुढे केला.

म्हणून मी बेन गर्दानला गेले. तुला सांगितलं नाही, कारण तू म्हणाला असतास, एवढ्या लांब एकटी कशाला, युनूस गावी येईल त्याच्याबरोबर इथून पाठवतो. आणि तू दीड वर्षापासून ती पाठवतच होतास. सकाळी वस्सिलाला मन्नानाकडे सोडलं, कॅमेरा टॉवेलात गुंडाळून टोपलीत घातला, वर चार अंजिरं ठेवली आणि सहा माणसांबरोबर टॅक्सीत बसले. खाडीवरचा रस्ता ओलांडून बेटाबाहेर मी त्याआधी तीनदाच गेले होते, तिन्ही वेळा दवाखान्यासाठी. या वेळी आजारी कोणी नव्हतं. खिडकीपाशी जागा मिळाली होती, दोन्ही बाजूंना पाणी होतं, आणि माझं मन इतकं हलकं झालं की माझं मलाच अपराधी वाटलं.

बाजारात लिबियाहून आलेल्या मालाचे डोंगर : पंखे, चादरी, टायर, साबण. बॅटऱ्यांचं दुकान धाऊ नावाच्या एका म्हाताऱ्याचं. पांढऱ्या मिशा, डोळ्यांवर सुतळीने बांधलेला चष्मा. मी कॅमेरा काढला तर विचारतो, "नवऱ्याचा?" मी म्हटलं, "माझा." त्याने चष्म्यावरून माझ्याकडे नीट बघितलं आणि तीन बॅटऱ्या काढून फळीवर मांडल्या. एक जुनीसारखीच, बारीक. ती तासभर जाईल म्हणाला. दुसरी काळी, लठ्ठ, तिच्यावर सोनेरी अक्षरांत सहा तास लिहिलेलं. तिसरी राखाडी, ओबडधोबड, खोक्याचा रंग उडालेला. ती कॅमेऱ्याला लावली तर पाठीवर गाठोडं घेतल्यासारखी मागे डोकावते. मी काळी उचलली, मग राखाडी उचलली. सासी, मी गुल्लालाच्या कुंभाराची मुलगी. रांजण नीट भाजलाय की नुसता रंगवलाय, हे मला उचलल्याबरोबर कळतं. काळी नुसतीच फुगलेली होती, आत काही नव्हतं. राखाडी हाताला वजन देत होती. मी म्हटलं, "मी दोन्ही चालवून बघणार, मग ठरवणार."

"चालवून म्हणजे?"

"संपेपर्यंत."

"बाई, हे दुकान आहे, हमाम नाही, दुपारपर्यंत बसायला."

"मग सहा तास चालते अशी अल्लाची शपथ घ्या. मी आत्ता घेऊन जाते."

शपथ काही त्याने घेतली नाही. मागून एक स्टूल आणलं, फडक्याने पुसलं आणि म्हणाला, "बसा. जेर्ब्याच्या बायकांना देवच विकू शकतो माल, मी नाही." काळी पस्तीस मिनिटांत संपली. त्याने ती फळीखाली टाकली. मी विचारलं, "आता ही कोणाला विकणार?" तर म्हणतो, "जो शपथ मागणार नाही त्याला."

मग राखाडी लावली. कॅमेरा फळीवर रस्त्याकडे तोंड करून ठेवला आणि आम्ही दोघं तिच्या संपायची वाट बघत बसलो. धाऊने चहा मागवला. पहिला तास तो गिऱ्हाइकांशी भांडत होता. दुसऱ्या तासाला बाजार जरा ओसरला तेव्हा आपणहून बोलायला लागला. चौदा वर्षं त्रिपोलीत होता, रस्त्याच्या कामावर. परत आला तेव्हा धाकट्या मुलाने दार उघडलं आणि आत ओरडून सांगितलं, "आई, कोणी काका आलेत." धाऊ म्हणाला, "त्याला मी रागावलो नाही. मी त्याला म्हटलं, आईला विचार, काकांना आत घेऊ का." आणि मिशीतल्या मिशीत हसला, पण ते हसू नव्हतं. बॅटरीची काळजी घ्यायच्या त्याच्या सूचनाही सांगते, तुला दुकानदाराला आवडतील : ही पूर्ण रिकामी झाल्याशिवाय पुन्हा भरायची नाही, नाहीतर तिला अर्ध्यावर थकायची खोड लागते, उन्हात ठेवायची नाही, आणि महिनोन्‌महिने नुसती पडू द्यायची नाही, न वापरता ठेवली तर वापरण्यापेक्षा लवकर मरते.

तेवढ्यात रेडिओ घ्यायला आलेली एक बाई माझ्याकडे आणि कॅमेऱ्याकडे आळीपाळीने बघत राहिली. मग अगदी जवळ येऊन विचारलं, "तुम्ही लग्नांत चित्रण करता? बायकांच्या बाजूला? आमच्या मुलीच्या मेंदीला पुरुष कॅमेरेवाला नको म्हणतात तिचे काका." मी नाही म्हणणार होते. पण धाऊच मध्ये बोलला, "करते की! बघा ना, बॅटरीची परीक्षा घेतेय दोन तास, तुमच्या मुलीचं काम काय बिघडवणार आहे?" त्या बाईने टेलिफोनचा नंबर घेतला. राखाडी बॅटरी दोन तास चाळीस मिनिटं चालली. परतीच्या टॅक्सीत मी ती मांडीवर धरून बसले होते. ऊब होती तिला.

उम्मीने ती हातात घेऊन उलटीपालटी केली. "एवढ्याशा विटेत अडीच तास? माझं सगळं म्हातारपण मावेल हिच्यात." नोव्हेंबरात जैतून वेचायला सुरुवात झाली तेव्हा एका सकाळी तिने ठेवणीतली तांबडी फूता अंगाभोवती गुंडाळून घेतली, विहिरीजवळच्या जैतुनाखाली चटई टाकली. मी एक रांजण उपडा करून त्यावर कॅमेरा बसवला, कॅसेट हळू लावली, नवी बॅटरी घातली. तांबडा दिवा लागला. उम्मी म्हणाली, "आता तू जा. तिकडच्या टोकाची झाडं वेच. मी हाक मारेन."

मी गेले. लांबून दिसत होतं तेवढं बघत राहिले. ती हात हलवत बोलत होती. एकदा मोठ्याने हसली. एकदा फूतेच्या टोकाने डोळे पुसले. एकदा तिने हात लांब करून माझ्याकडे बोट दाखवलं. आज लाज वाटते, पण सांगते : मला तेव्हा हेवा वाटला. दहा वर्षं हिचे केस मी विंचरते, हिच्या गुडघ्यांना तेल मी लावते, आणि मनातलं सगळं मात्र तिकडे बसलेल्या मुलासाठी. माझ्यासाठी काय, तर तिकडच्या टोकाची झाडं. मी रागारागाने इतकी जैतुनं वेचली की दुपारपर्यंत दोन टोपल्या भरल्या. हाक आली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. कॅसेट काढून घेताना ती म्हणाली, "ही पाठवायची घाई करू नकोस. माणूस बघून देऊ." मी म्हटलं बरं. कॅसेट तिच्या पेटीत गेली.

फेब्रुवारीचं तुला माहीत आहे. तीन दिवसांचा ताप, चौथ्या दिवशी सकाळी मी लापशी घेऊन गेले तर ती भिंतीकडे तोंड करून निजलेली. तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजापूर्वी दफन झालं, तुझी वाट बघता आली नाही. तू फोनवर रडलास. ते रडणं खोटं नव्हतं, हे मला ठाऊक आहे, सासी. मी तुला कधीच खोटा म्हटलेलं नाही.

तिचा चाळिसावा दिवस झाला आणि मोठ्या ईदला युनूस आला. तुझ्या दुकानापासून दोन गल्ल्यांवर त्याचं दुकान, म्हणून त्याला बघून मला नेहमी तुझीच चाहूल लागते. तू दिलेलं खोकं त्याने उंबऱ्यात ठेवलं. म्हणाला, "सासीने सांगितलं, काउंटरखालचं घरी न्यायचं खोकं उचल. तिथे दोन होती. मी दोन्ही एकात भरली." चहा घेऊन तो गेला. जाताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मी त्याच्याबरोबर उम्मीची कॅसेट पाठवायची ठरवली होती, आणि पिशवी शिवायला कापड शोधत होते. वाटलं, तुझ्या खोक्यात एखादं जुनं कापड असेल. उघडलं. वर वस्सिलासाठी कोट होता, निळा, सुंदर, सोन्याच्या रंगाची बटणं. तिने लगेच अंगात घातला. बाह्या कोपराशी संपल्या. तो कोट सहा वर्षांच्या मुलीचा आहे, सासी. तू शेवटची पाहिलीस ती वस्सिला सहा वर्षांची होती. तिने बटणं काढली, कोट घडी करून ठेवला, आणि मला म्हणाली, "बाबांना सांगू नकोस, आवडला म्हण."

कोटाखाली माझ्या नऊ पिशव्या होत्या. तांबडी लोकर जशीच्या तशी. नऊच्या नऊ. एकीचाही टाका उसवलेला नव्हता.

त्यानंतर मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. वस्सिलाला जेवायला वाढलं असणार, कारण ती जेवली. दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेल्यावर मी दार लावून घेतलं, पेटीतून उम्मीची कॅसेट काढली आणि टीव्हीला लावली. तुझ्यासाठी ठेवलेली गोष्ट तुझ्याआधी बघायचा मला हक्क नव्हता. पण त्या दिवशी हक्काचा विचार करायला मी शिल्लक नव्हते.

उम्मी समोर आली. आधी नुसती बसून राहिली. मी लांब जाईपर्यंत तिचे डोळे माझ्यामागे येत होते. मग कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "अल्जिया, ऐक." सासी, पहिलाच शब्द माझं नाव होतं. "ऐक, पोरी. हे मी त्याला सांगत नाहीये, तुला सांगतेय. तो या कॅसेटी बघत नाही. चौथ्या कॅसेटीत मी त्याला म्हटलं होतं, नवी गाढवी घेतलीय, तिचं नाव काय ठेवू ते शुक्रवारी फोनवर सांग. कितीतरी शुक्रवार गेले. गाढवी बिननावाची राहिली. तुला सांगायचा मला धीर झाला नाही. तू इतकी मन लावून पिशव्या शिवायचीस." इथे ती हसली. मी लांबून पाहिलेलं हसू हेच.

मग ती तुझ्या बाबांबद्दल बोलली. एकतीस वर्षं ते ट्युनिसला दुकानात आणि ती इथे. साठीला ते परत आले, तेव्हा त्यांच्या चहात साखर किती घालायची हे तिला माहीत नव्हतं. "विचारायची लाज वाटली. मुलांचा बाप, आणि साखर विचारायची? चार वर्षं आम्ही एका घरात दोन पाहुण्यांसारखे राहिलो. तो गेला तेव्हा मी रडले ते त्याच्यासाठी की त्या एकतीस वर्षांसाठी, हे मलाही कळलं नाही." आणि मग तिने तो हात लांब केला, त्या टोकाला वेचणाऱ्या माझ्याकडे. "ती बघ, तिकडे आहेस तू. रागावली आहेस, फांद्या ओढतेस, मला दिसतंय. तुला आता कबुली देते. गुल्लालाला जाऊन तुला मी मागणी घातली ती त्याच्यासाठी नाही, माझ्यासाठी. मला माहीत होतं तो बापाच्याच वाटेने जाणार. मला घरात बोलायला माणूस हवं होतं. तुझ्या आईने विचारलं, मुलगा इथे राहील ना? मी हो म्हटलं. ते खोटं होतं. मला माफ कर. नाही केलंस तरी चालेल."

ती डोळे पुसून बराच वेळ गप्प बसली. पूर्वीची बॅटरी असती तर तिथेच संपली असती. ही चालू राहिली. तिच्यामागे जैतुनाची पानं हलत होती, गाढवी एकदा फुरफुरली. मग ती म्हणाली, "मी असेपर्यंत तू कुठे जाऊ नयेस, एवढा माझा स्वार्थ. म्हणून तोंडावर बोलत नाही, यंत्रात बोलते. मी गेल्यावर त्याला विचार. इथे येऊन राहतोस, की आम्हाला घेऊन जातोस, की मोकळी करतोस? तीनच गोष्टी. चौथी, म्हणजे असंच चालू दे, ती नाही. आपल्याकडे बाईलाही कोर्टात जाऊन मोकळं होता येतं. मला हे कळलं तेव्हा माझे दात पडले होते. कोणी तुला म्हणालं की सासूच्या माघारी सुनेने घर मोडलं, तर ही कॅसेट दाखव. मी सालहा, सासीची आई, शुद्धीत आहे, झाडाखाली बसले आहे, आणि हे मी सांगते." त्यानंतरचा सगळा वेळ ती मला शेताचं समजावत होती : कोणत्या डाळिंबाला पाणी कमी, विहिरीचा दोर कधी बदलायचा, लोणच्याला मीठ किती. शेवटी "आता हाक मारते तुला" म्हणाली आणि खरंच हाक मारली.

त्या दिवसापासून दीड महिना मी हे पत्र मनात लिहितेय. आधी रागाचं लिहिलं, मग विनवणीचं. दोन्ही टाकून दिली. तिथे तुझं दुसरं कोणी आहे का, हे मी विचारत नाही. युनूस खाली का बघत होता हेही नाही. कदाचित कोणी नसेलही. कदाचित दिवसभर उभा राहून तू थकत असशील, आणि घर बघितलं की परत यावंसं वाटेल म्हणून टाके उसवत नसशील. हा विचारही मी केला, आणि तुझी कीव आली. पण तू सुट्टीला आलास त्या नऊ उन्हाळ्यांचे दिवस एकत्र केले तर आपला संसार साडेसात महिन्यांचा भरतो. बाकी सगळी वर्षं मी तुझ्या आईबरोबर संसार केला. तो चांगला झाला. आता ती नाही, आणि या घरात माझ्या आवाजाला उत्तर देणारं वस्सिलाशिवाय कोणी उरलं नाही. तिच्यावर एवढा भार मला टाकायचा नाही.

म्हणून हे पत्र. उम्मीने सांगितलेल्या तीन गोष्टींतली एक निवड. ऑगस्टच्या पंधरा तारखेपर्यंत मी थांबेन, कारण जून-जुलैत मला वेळही नाही : बेन गर्दानच्या त्या बाईच्या मुलीची मेंदी झाली, तिथून जर्जीसच्या दोन घरांत बोलावणं आलं, आणि आता मिदूनमध्येच चार लग्नं आहेत. बायका माझ्यासमोर पदर ओढत नाहीत, मोकळेपणी नाचतात. परवा एका नवरीच्या बहिणीने माझ्या हातातून कॅमेरा काढून घेतला आणि माझ्याकडे वळवला. मी दोन्ही हात कुठे ठेवू मला कळेना. पण उभी राहिले. तू आलास तर दार उघडं आहे, खरंच उघडं आहे. घेऊन जायचं असेल तर वस्सिलाच्या शाळेचे कागद मी काढून ठेवले आहेत. आणि तिसरं काही असेल तर तेही स्वतःच्या हाताने लिही, कोणाबरोबर निरोप पाठवू नकोस. काहीही लिहिलंस तरी मी ते बसून नाही, उभी राहून वाचीन.

आज तरी तुझीच,
अल्जिया